घटस्थापनेला आलेली नेक्सॉन: एका लाँचची पूर्ण केस

21 सप्टेंबर 2017 ला टाटा मोटर्सने नेक्सॉन या छोट्या एसयूव्हीच्या किमती जाहीर केल्या आणि त्या दिवशी घटस्थापना होती. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको, पितृपक्ष नुकताच संपलेला, पंधरा दिवस शोरूममध्ये शुकशुकाट असतो तो संपून फोन वाजायला लागलेले, नऊ दिवसांवर दसरा, चार आठवड्यांवर दिवाळी. पेट्रोल बेस मॉडेल 5 लाख 85 हजार, डिझेल 6 लाख 85 हजार, दोन्ही एक्स शोरूम दिल्ली आणि दोन्ही 'सुरुवातीची किंमत' म्हणून. आकडे बाहेर पडले आणि बऱ्याच जणांनी ते दोनदा वाचले, कारण या साइजची, या उंचीची, 110 पीएस ताकदीची गाडी सहा लाखांच्या आत सुरू होईल असं फार कुणाला वाटलं नव्हतं.

मला हे लाँच अभ्यासासारखं वाटतं ते मात्र त्या एका दिवसामुळे नाही. माझ्या मते नेक्सॉनचं लाँच त्या दिवशी फक्त सुरू झालं, ते खरं लागलं पंधरा महिन्यांनी, डिसेंबर 2018 मध्ये, आणि मधल्या काळात कंपनीने काय केलं, काय करायचं राहिलं, हे बघितल्याशिवाय ही केस समजत नाही.

आधी कंपनीची अवस्था बघू. साडेतीन वर्षं मागे जा. जानेवारी 2014 चा शेवटचा आठवडा टाटा मोटर्ससाठी फार वाईट गेला. 26 जानेवारीला एमडी कार्ल स्लिम यांचं बँकॉकमध्ये निधन झालं. त्याच आठवड्याच्या शेवटी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल दिल्लीत जाहीर केले, पाचही गाड्यांना शून्य स्टार, आणि त्यात टाटाची नॅनो होती. आणि मग लगेच फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटाच्या स्टँडवर एक कॉन्सेप्ट, म्हणजे दाखवायला बनवलेली नमुना गाडी, उभी राहिली, मागे उतरतं छप्पर, फुगलेल्या चाकांच्या कमानी, अंगापिंडाने भरलेली. तिचं नाव नेक्सॉन. अशा वेळी दाखवलेली कॉन्सेप्ट कुणी मनावर घेत नाही, एक्स्पो संपला की ताडपत्री टाकून ठेवून देतात असाच सगळ्यांचा अनुभव. ही मात्र दोन वर्षांनी 2016 च्या एक्स्पोला जवळपास तयार गाडी म्हणून परत आली आणि कॉन्सेप्टचं रूप तिच्यात बऱ्यापैकी शिल्लक होतं.

मधल्या काळात वर काय काय घडलं ते पण लक्षात घ्या, ऑक्टोबर 2016 मध्ये टाटा सन्स या मूळ कंपनीच्या अध्यक्षपदावरून सायरस मिस्त्री यांना हटवलं, 2017 च्या सुरुवातीला त्यांच्या जागी एन चंद्रशेखरन आले, त्याआधी वर्षभर ग्युंटर बुचेक टाटा मोटर्सचे एमडी म्हणून आलेले. म्हणजे गाडी डिझाइन होत होती एका माणसाच्या काळात, पैसे मंजूर झाले दुसऱ्याच्या, बाजारात आली तिसऱ्याच्या. तरी ती आली, वेळ लागला पण आली, आणि याचं श्रेय पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या लोकांना आणि प्रताप बोस यांच्या डिझाइन टीमला द्यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ती टीम पुणे, कॉव्हेंट्री आणि तुरीन अशा तीन ठिकाणी पसरलेली होती.

खरा प्रॉब्लेम होता तो नावाचा. 2016-17 मध्ये भारतातल्या प्रवासी गाड्यांमध्ये टाटाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता. इंडिका आली 1998 च्या डिसेंबरमध्ये, पिंपरीत बनायची, तेव्हा अभिमानाने घरात आणली लोकांनी, पण पुढे ती आणि इंडिगो टुरिस्ट परमिटवर इतक्या गेल्या की पांढरी इंडिका म्हणजे भाड्याची गाडी हे डोक्यात पक्कं बसलं. 2017 च्या दसऱ्याला आमच्या काकांनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न होता, "अहो, टाटाची? ती तर टॅक्सीवाले घेतात ना?" हा प्रश्न किती घरात विचारला गेला असेल. टियागो एप्रिल 2016 ला आली, मग हेक्सा, मग टिगोर, त्यांनी थोडं वातावरण निवळलं, पण टियागो स्वस्त गाडी होती, स्वस्त गाडीत माणूस तडजोड करतो. आठ-नऊ लाख मोजणारा माणूस तडजोड करत नाही, तो मारुतीच्या शोरूममध्ये जातो.

आता चार मीटरचं गणित, कारण ते न समजता या गाडीचा आकारच समजणार नाही. 2006 च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज 24 वरून 16 टक्क्यांवर आणली गेली आणि छोटी गाडी म्हणजे काय तर लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. या एका व्याख्येने भारतातल्या गाड्यांची अंगकाठी ठरवली. आधी सेडानच्या डिक्क्या छाटल्या गेल्या, मग एसयूव्ही आखूड झाल्या. चार मीटरच्या आतली एसयूव्ही म्हटलं की सगळे फोर्डच्या इकोस्पोर्टचं नाव घेतात, ती जून 2013 ला 5 लाख 59 हजारांना आली आणि धमाल उडवून दिली, पण त्याच्या आधी 2009 मध्ये चिंचवडच्या प्रीमियरने रिओ आणली होती, पद्मिनीवाली प्रीमियर. ती चालली नाही, पण पहिला मान आपल्या चिंचवडचा आहे आणि तो कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतोय. मग महिंद्राची क्वांटो, टीयूव्ही 300, आणि 8 मार्च 2016 ला मारुतीची विटारा ब्रेझा, जिने सगळ्यांना बाजूला सारून महिन्याला दहा हजारांच्या वर विकायला सुरुवात केली.

नेक्सॉनची मापं या व्याख्येसमोर ठेवून बघा. लांबी 3994 मिलिमीटर, म्हणजे हद्दीच्या फक्त 6 मिलिमीटर आत. पेट्रोल 1198 सीसी, डिझेल 1497. कुठेच काही वाया घालवलेलं नाही. आणि नशीब किंवा वेळ म्हणा, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, सगळ्या गाड्यांवर 28 टक्के आणि वर सेस, म्हणजे जादा कर, छोट्या पेट्रोलवर 1 टक्का, छोट्या डिझेलवर 3, मोठ्या गाड्यांवर 15. म्हणजे मोठ्या एसयूव्हीवर एकूण 43. आणि 9 सप्टेंबरला हैदराबादच्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने मोठ्या एसयूव्हीचा सेस 15 वरून 22 वर नेला, एकूण 50 टक्के, छोट्या गाड्यांना हात लावला नाही. बारा दिवसांनी नेक्सॉनची किंमत जाहीर झाली. तेव्हा पेट्रोल नेक्सॉनवर 29 आणि मोठ्या एसयूव्हीवर 50, हा फरक गिऱ्हाईकाला पावतीवर दिसत नव्हता पण तो किमतीत होताच होता.

गाडीकडे येऊ. खालचा सांगाडा एक्स1 प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्याचं मूळ इंडिका-व्हिस्टाच्या घराण्यात जातं. यावरून तेव्हा बरीच टीका झाली, जुनाच पाया वापरला म्हणून, मला ती टीका अर्धवट वाटते. पाया जुना असला तरी त्यावर किती काम केलंय हे बघायला पाहिजे आणि पुढच्या वर्षी क्रॅश टेस्टमध्ये त्याचं उत्तर आलंच. शिवाय ही क्रॉसओव्हर, म्हणजे कारसारखी एकसंध बॉडी पण उंच, टीयूव्ही 300 सारखी वेगळ्या चॅसिसवर बसवलेली नाही, त्यामुळे बसायला-चालवायला कारसारखी वागते. रुंदी 1811, मागच्या सीटवर तीन माणसं बसतात ती त्यामुळेच. ग्राउंड क्लिअरन्स 209 मिलिमीटर, आपल्याकडे गावात शिरताना जे स्पीडब्रेकर असतात त्यांना पुरून उरणारा. डिक्की 350 लिटर. पुढच्या दारांमध्ये छत्री ठेवायला जागा आणि छत्रीचं पाणी खाली निघून जायची सोय, ही गोष्ट कॅटलॉगमध्ये एक ओळ होती पण जुलैत कोकणातून कुणी आलं असेल त्याला विचारा तिची किंमत. कुणीतरी पावसात गाडी चालवणाऱ्याने ती काढली असणार.

मागे उतरणारं कूपेसारखं छप्पर चार मीटरच्या आत बसवणं फार अवघड, कारण छप्पर उतरवलं की मागच्या माणसाचं डोकं लागतं, ते त्यांनी सांभाळलं. काचांच्या खालून मागेपर्यंत जाणारी ती पांढरी पट्टी काहींना अजिबात आवडली नाही. पण गाडी लांबून ओळखू यायची, आणि टाटाला तेव्हा नेमकं तेच हवं होतं, बघणाऱ्याला आधी गाडी दिसावी आणि मग बोनेटवरचा लोगो. काकू तर शोरूममध्ये एटना ऑरेंज रंगाची बघून गप्पच झाल्या होत्या.

इंजिनं दोन्ही 110 पीएस, पेट्रोल टर्बो तीन सिलिंडरचं, टॉर्क म्हणजे ओढ 170 एनएम, डिझेल चार सिलिंडरचं 260 एनएम, सहा गिअर, आणि इको, सिटी, स्पोर्ट असे तीन मोड. ब्रेझाचं डिझेल होतं 90 पीएसचं. यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट मला पेट्रोल वाटते. ब्रेझात तेव्हा पेट्रोल नव्हतंच, ते आलं 2020 मध्ये. ऑक्टोबर 2014 ला डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, पेट्रोल-डिझेलमधलं अंतर कमी झालं, दिल्लीत दहा वर्षं जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, त्यामुळे रोजचं रनिंग कमी असलेला माणूस पेट्रोलकडे वळत होता आणि सेगमेंटमधली सगळ्यात खपणारी गाडी त्याला पेट्रोल देतच नव्हती. टाटाने नेमका तिथे 5.85 चा आकडा लावला.

आणि बेस मॉडेल, एक्सई, त्यातसुद्धा दोन एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय. आज वाचताना यात काय विशेष असं वाटेल. पण तेव्हा कायदा काय होता? नव्या मॉडेलना समोरच्या क्रॅशचे नियम लागू झाले 1 ऑक्टोबर 2017 ला, म्हणजे नेक्सॉननंतर दहा दिवसांनी. ड्रायव्हर एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै 2019 मध्ये. खालच्या मॉडेलमधून एअरबॅग काढून किंमत खाली दाखवायची पद्धत सर्रास होती. टाटाने किंमतही खाली ठेवली आणि एअरबॅगही ठेवल्या, नॅनोच्या शून्यानंतर हा निर्णय ज्या कुणी घेतला त्याला मी मानतो.

गाडी बनायची कुठे तर रांजणगावला, शिरूर तालुक्यात, नगर रोडवर, महागणपतीच्या गावाजवळच्या एमआयडीसीत. प्लांट फियाट आणि टाटाच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतला. त्याच 2017 मध्ये त्याच प्लांटमधून जीप कंपास पण निघायला लागली होती. त्या वर्षी नगर रोडने जाणाऱ्याला ट्रेलरवर चढवलेल्या दोन्ही नव्या गाड्या दिसायच्या आणि ट्रेलरच्या मागे अडकलो तरी मी वैतागायचो नाही, एक एक रंग बघत बसायचो.

आता जे जमलं नाही ते. सगळ्यात मोठी उणीव ऑटोमॅटिकची. लाँचला फक्त मॅन्युअल होती, एएमटी, म्हणजे क्लच न दाबता चालणारी ऑटोमॅटिक, आली मे 2018 मध्ये, म्हणजे दसरा-दिवाळीचा अख्खा सीझन आणि गुढीपाडवा दोन्ही गेले. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखणारा गिऱ्हाईक या आठ महिन्यांत परत गेला आणि त्याच मे महिन्यात ब्रेझाचीसुद्धा एएमटी आली, त्यामुळे जो फायदा एकट्याचा झाला असता तो वाटला गेला. घटस्थापनेचा मुहूर्त गाठायचा की ऑटोमॅटिक घेऊन यायचं, यात कंपनीने मुहूर्त निवडला. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं याचा बराच विचार केला, आणि मला वाटतं मीही मुहूर्तच गाठला असता, कारण नोव्हेंबरमध्ये नवी इकोस्पोर्ट येणार होती आणि टाटाकडे थांबायला वेळ नव्हता. पण एएमटी कधी येणार ते लाँचच्याच दिवशी स्पष्ट सांगायला पाहिजे होतं, थांबणारे थांबले असते. शिवाय तीन सिलिंडरच्या पेट्रोलमध्ये कमी आरपीएमवर दम कमी आणि थरथर जाणवते हेही रिव्ह्यूवाल्यांनी सुरुवातीपासून लिहिलं होतं.

विक्री ठीक होती. टाटाच्या हिशोबाने चांगली, ब्रेझाच्या जवळपास मात्र नाही. एप्रिल 2018 पासून आयपीएलची पार्टनर म्हणून गाडी रोज संध्याकाळी घराघरात दिसायला लागली, मैदानाच्या कडेला उभी. नाव कळलं सगळ्यांना. पण काकूंच्या त्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीतून मिळत नसतं.

ते मिळालं भिंतीवर आदळून. ऑगस्ट 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपने नेक्सॉनचा निकाल दिला, मोठ्यांसाठी चार स्टार, मुलांसाठी तीन. टेस्ट अशी असते की ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी चुरगळणाऱ्या अडथळ्यावर सोडतात आणि पुढचा फक्त चाळीस टक्के भाग आदळवतात, हायवेवर ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या गाडीला अर्धी धडक बसते तसं. सांगाडा स्थिर राहिला. चार स्टार म्हणजे कुठल्याही कंपनीने होर्डिंग लावून मोकळं व्हावं असा निकाल. टाटाने इथे थांबायचं नाही असं ठरवलं आणि या पूर्ण केसमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच धरतो. पाच स्टारसाठी तेव्हा बाजूने होणाऱ्या धडकेची टेस्ट पास व्हावी लागायची आणि सीटबेल्ट रिमाइंडर लागायचा. त्यांनी पुढच्या दोन्ही सीटना रिमाइंडर सगळ्या मॉडेलमध्ये दिला, गाडी परत पाठवली, आणि डिसेंबर 2018 मध्ये निकाल आला, मोठ्यांसाठी पाच स्टार, 17 पैकी 16.06 गुण. भारतात बनलेल्या गाडीला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार, पहिल्यांदाच. पाच वर्षांपूर्वी नॅनोला शून्य देणारी हीच संस्था.

याच्यानंतर बोलणं बदललं. आधी शोरूममध्ये ॲव्हरेज किती, सर्व्हिस कितीला, विकताना किती येणार हे तीन प्रश्न असायचे, आता चौथा आला, स्टार किती. आणि हा प्रश्न टाटाला सोयीचा होता पण बाकीच्यांना अवघड. काकांनी 2017 लाच पेट्रोल एक्सएम, म्हणजे बेसच्या वरचं मॉडेल, घेतली होती, किंमत आणि रंग बघून, सुरक्षेचा विचार त्यांच्या मनात तेव्हा नव्हता, पण निकाल आल्यावर ते प्रत्येक पाहुण्याला गाडीपाशी नेऊन दाराचा आवाज ऐकवायचे, "ऐक, कसं दार लागतंय बघ." अशा हजारो काकांनी पुढची जाहिरात केली. टाटाचं दार जड असतं हे लोक आधीही म्हणायचे, पण तेव्हा ते ॲव्हरेज कमी असण्याचं कारण म्हणून म्हणायचे.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ती वेगळी केस होईल. 2019 मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही 300 आणि ह्युंदाईची व्हेन्यू आली, 2020 ला कियाची सोनेट, स्पर्धा प्रचंड वाढली. एप्रिल 2020 ला बीएस6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम, लागू झाला तेव्हा मारुतीने डिझेल सोडलं, टाटाने नेक्सॉनमध्ये ठेवलं. 28 जानेवारी 2020 ला त्याच बॉडीत 30.2 किलोवॅट-अवरची बॅटरी घालून नेक्सॉन ईव्ही 13 लाख 99 हजारांना आणली. फोर्डने तर 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. 2021-22 मध्ये नेक्सॉन 1 लाख 24 हजारांच्या वर विकली गेली आणि ब्रेझा-क्रेटाला मागे टाकून देशातली सगळ्यात जास्त खपणारी एसयूव्ही झाली, पुढच्या वर्षी 1 लाख 72 हजार. पाच टक्क्यांच्या टाटाने 2022-23 ला 5 लाख 38 हजारांच्या वर प्रवासी गाड्या विकल्या. हे सगळं एका नेक्सॉनने केलं असं मी म्हणत नाही, पंच आहे, टियागो आहे, अल्ट्रोझ आहे, पण पाच स्टारची ओळख पहिली हिनेच आणून दिली आणि पुढच्या प्रत्येक गाडीला ती फुकटात मिळाली.

एक गोष्ट मला इतकी वर्षं टोचत होती, मुलांसाठीचे तीन स्टार. डिसेंबर 2018 च्या निकालातही ते तीनच राहिले होते आणि होर्डिंगवर फक्त पाच दिसायचे. सप्टेंबर 2023 ला नवी नेक्सॉन आली, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलमध्ये, आणि फेब्रुवारी 2024 ला ग्लोबल एनकॅपच्या नव्या, जास्त कडक नियमांखाली निकाल आला. मोठ्यांसाठी पाच स्टार, 34 पैकी 32.22. मुलांसाठी पण पाच, 49 पैकी 44.52. पहिली कॉन्सेप्ट दाखवली तो फेब्रुवारी 2014 होता, बरोबर दहा वर्षं झाली होती. मुलांचे हे गुण मागच्या सीटला चाइल्ड सीट बांधून, त्यात बाहुला बसवून काढलेले असतात. आमच्या काकांनी नातीसाठी ती सीट याच वर्षी घेतली, जुन्या एक्सएममध्ये बसवली, आणि काकू आता तिला मांडीवर घेत नाहीत.